जानेवारीत नकार, मार्चमध्ये होकार : गोव्याचं १९६७

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदारांच्या हाती जी मतपत्रिका आली, तिच्यावर एकाही उमेदवाराचं नाव नव्हतं. एक फूल होतं आणि दोन पानं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं.

त्यानंतर पुरते अडीच महिनेही गेले नसतील, २८ मार्चला त्याच गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) जिंकला. ज्याच्या नावातच महाराष्ट्र, ज्याचा जन्मच विलीनीकरणासाठी झालेला, तो पक्ष. तीसपैकी १६ जागा त्याच्या, १२ विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाच्या (युगो). १९६३ च्या पहिल्या निवडणुकीतही मगोच्या बाजूचे १६ आणि युगोचे १२ असंच बलाबल होतं. जणू मधे जानेवारी उगवलाच नव्हता.

गोव्यात हा इतिहास दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एका कथेत गोंयकाराने आपली अस्मिता राखली आणि महाराष्ट्राला दुरूनच नमस्कार केला. दुसरीत मगोचे नेते भाऊसाहेब (दयानंद) बांदोडकर यांच्या मागे बहुजन समाज उभा राहिला आणि भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, सद्दी संपली. पहिली कथा मार्चपाशी अडखळते, दुसरी जानेवारीपाशी. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे मानले तर काय हाती लागतं, ते इथे पाहायचं आहे.

मला जे दिसतं ते आधीच सांगतो. लोकांचं मत आधीपासून तयार असतं आणि मतपेटी ते फक्त मोजते, असं नाही. कोण विचारतं, काय विचारतं आणि उत्तराला किती पर्याय ठेवतं, यावर मत ठरत जातं. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावणाऱ्यांना हे कुणी शिकवायला लागत नाही. मूर्तीला लावलेल्या पाकळ्या त्याच, देव तोच. पण गाऱ्हाणं घालणाऱ्याने प्रश्न कसा मांडला यावर अर्धं उत्तर ठरतं. १९६७ मध्ये गोव्याला दोन कौल लावले गेले, आणि दोन्हींतले प्रश्न वेगळे होते.

आधीची पाच वर्षं

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज राजवट संपली. त्याआधीची काही दशकं सालाझारच्या हुकूमशाहीची. वृत्तपत्रांवर सेन्सॉर, सभांवर बंदी. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे, असं त्या पिढीचे लोक सांगत. ज्या समाजाला जाहीरपणे मत मांडायची सवयच उरली नव्हती, त्याला दोन वर्षांत विधानसभा मिळाली आणि पाच वर्षांत आपला नकाशा ठरवायचा अधिकार. हा वेग ध्यानात ठेवला नाही तर पुढचं सगळं चमत्कारिक वाटतं.

त्या वेळी महाराष्ट्र स्वतःच नवा होता. १ मे १९६० ला राज्य झालं आणि वीस महिन्यांच्या आत गोवा मुक्त झाला. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार राहिले, ही सल ताजी होती. त्या जोशात गोवा हा आपलाच राहिलेला तुकडा वाटणं स्वाभाविक होतं. मुंबईची मराठी वृत्तपत्रं बहुतांशी त्याच सुरात बोलत. गोव्यातही मराठीचा पाया भक्कम होता. हिंदू घरांत बोलणं कोकणी, पण देवघरातली आरती मराठी, देवळातलं भजन-कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, आणि वाचता येत असेल तर वाचायचं तेही मराठीच. ख्रिस्ती घरांत कोकणी होती, पण ती रोमी (रोमन) लिपीतली, आणि करमणूक म्हणजे तियात्र, गाण्यांचं कोकणी नाटक. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद पंडितांचा राहिला नव्हता. त्यावर राज्याची हद्द ठरणार होती.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिचा एकुलता एक आमदार आला तो दमणमधून. ज्या पक्षाच्या सरकारने सैन्य पाठवून गोवा मुक्त केला, त्याला दोन वर्षांत मतदारांनी असा निरोप दिला. दिल्लीत हे कुणाला अपेक्षित नसावं. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. स्वतः खाणमालक, पण उच्चवर्णीय भाटकारांच्या वर्तुळाबाहेरचे, गोमंतक मराठा समाजातले. त्यांच्या मागे कुळं होती, भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार होते, शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं होती. या लोकांना विलीनीकरण म्हणजे काय वाटत होतं? माझ्या मते, मुंबईच्या सचिवालयाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. महाराष्ट्र म्हणजे कूळकायदा, महाराष्ट्र म्हणजे गावात मराठी शाळा, महाराष्ट्र म्हणजे भटा-भाटकारांच्या वचकातून सुटका. 'महाराष्ट्र' हा त्यांच्यासाठी भूगोलातला शब्द नव्हताच.

प्रश्न कुणी ठरवला

मगोचं म्हणणं सरळ होतं. विलीनीकरणाच्या मुद्द्यावर आम्ही निवडून आलो, म्हणजे लोकांनी निर्णय दिला. आता विधानसभेने ठराव करायचा आणि दिल्लीने तो मान्य करायचा. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठराव केलाही. मार्चमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने साथ दिली. तिकडे म्हैसूर राज्याने विरोध नोंदवला.

युगोचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचा मुद्दा वेगळा होता. निवडणुकीत लोक सरकार निवडतात, नकाशा नव्हे. ज्याने मगोला मत दिलं त्याने कदाचित जमिनीसाठी दिलं असेल, कदाचित बांदोडकरांसाठी. तेव्हा हा एकच प्रश्न वेगळा काढून लोकांपुढे ठेवा. गोवा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत याच मागणीचा पाठपुरावा करत होते. गोव्यातून विधानसभेत शून्यावर असलेल्या पक्षाच्या माणसाने हा निर्णय वळवण्यात मोठा वाटा उचलला, हे मला या प्रकरणातलं फार मजेशीर वळण वाटतं. मतदारांकडून जागा मिळाली नव्हती, पण दिल्लीत दार उघडं होतं.

डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. इंग्रजीत त्याला रेफरेंडम न म्हणता 'ओपिनियन पोल' म्हटलं; मराठीत लोक सार्वमत म्हणत राहिले. हा कायदा ज्यांनी घडवला त्यांनी चार गोष्टी ठरवल्या, आणि माझ्या मते निकाल निम्मा तिथेच लागला.

सगळ्यांत मोठी गोष्ट पर्यायांची. फक्त दोन. विलीन व्हा नाहीतर केंद्रशासित राहा. स्वतंत्र राज्य हा पर्याय नव्हताच. त्यामुळे ज्यांना पुढेमागे गोव्याचं वेगळं राज्य हवं होतं, ज्यांना कोकणीचं भलं हवं होतं, ज्यांना दिल्लीतून येणारा पैसा सोडायचा नव्हता, ज्यांना जमीन सुटण्याची धास्ती होती आणि ज्यांना निव्वळ 'एवढी घाई कशाला' असं वाटत होतं, ते सगळे एकाच चिन्हाखाली आले. एरवी हे लोक एका पंगतीला बसले नसते. भाटकार आणि त्याच्याच माडावर चढणारा रेंदेर, दोघांचं मत दोन पानांना! समोर तीन पर्याय असते तर ही मोट सुटली असती.

दुसरी गोष्ट मोजणीची. निवडणुकीत मतदारसंघ जिंकायचे असतात. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, युगोच्या मतांचे ढीग पडले तरी जागा तेवढ्याच. सार्वमतात अख्ख्या गोव्याची मतं एकाच राशीत. त्यातल्या सासष्टी तालुक्यातलं जास्तीचं मत इथे वाया जात नव्हतं, आणि १९६३ मध्ये काँग्रेस वा अपक्षांना देऊन वाया गेलेलं मतही इथे उपयोगी येत होतं. तिसरी गोष्ट सरकारची. निःपक्षपाती मतदान व्हावं म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि कारभार थेट केंद्राकडे गेला. विरोधकांची ही मागणी मान्य होणं बांदोडकरांना महागात पडलं असणार. गावोगाव पोचलेली सत्ता ऐन प्रचारात हातची गेली. मात्र याची दुसरी बाजू पुढे मार्चमध्ये दिसली.

मतदार कोण, या चौथ्या मुद्द्यावर युगोची हार झाली. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोंयकारांना मत हवं, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईत धोबीतलावाच्या आसपासच्या कुडांतून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहणारे, बोटीवर नोकऱ्या करणारे, आफ्रिकेत गेलेले असे हजारो लोक होते. ते मान्य झालं नाही. मत गोव्यातल्या मतदारयादीत नाव असलेल्यालाच.

जाता जाता एक आठवण. याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, बेळगावच्या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. तिथे लोकांना विचारलं नाही, एका निवृत्त न्यायमूर्तीला विचारलं. महाराष्ट्राचे दोन दावे, तीन महिन्यांच्या आत दोन निरनिराळ्या यंत्रणांकडे गेले. आणि दोन्हीकडे निकाल महाराष्ट्राच्या मनासारखा लागला नाही.

मराठी वाचणारा मतदार

प्रचाराची गंमत इथे आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती मतदाराला समजावण्याची गरज फारशी नव्हती; तो बहुतांशी विरोधातच होता. पण ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत. तेवढ्यावर विलीनीकरण अडत नाही. अडवायचं तर हिंदू मतदार फोडायला हवा, आणि साक्षर हिंदू मतदार वाचतो मराठी. १९६२ पासून पणजीहून निघणारं 'गोमन्तक' त्याच्या हातात होतं आणि ते विलीनीकरणवादी होतं. मग विलीनीकरणाच्या विरोधकांनी काय करावं? त्यांनीही मराठीच दैनिक हाती घेतलं. मडगावचं 'राष्ट्रमत'. चंद्रकांत केणी संपादक. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे. कोकणीच्या बाजूने लढणारी ही माणसं रोज सकाळी चोख मराठीत गोव्याचं वेगळेपण पटवून देत होती.

याला कुणी विसंगती म्हणेल. मला ती या प्रकरणाची किल्ली वाटते. 'मराठी वाचतो तो महाराष्ट्राचा' हे समीकरण मगोने आणि मुंबईच्या पुढाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. राष्ट्रमतने ते समीकरण खोडायला वेगळा युक्तिवाद केला नसता तरी चाललं असतं, कारण ते दैनिक स्वतःच त्या समीकरणाचं खंडन होतं. ज्ञानेश्वर-तुकाराम आमचे, नाटकं आमची, पण कचेरी पणजीतच हवी, असं मराठीतून म्हणता येतं हे वाचकाला रोज दिसत होतं. आरती मराठीत म्हणणारा माणूस मंत्रालयाच्या पायऱ्या चढायला उत्सुक असतोच असं नाही.

युक्तिवादही पोटाला भिडणारे होते. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराचं आणि काजूच्या फेणीचं काय होणार? मुक्तीनंतर बाहेरून डेप्युटेशनवर आलेल्या अधिकाऱ्यांचा अनुभव ताजा होता. विलीन झालो तर नोकऱ्याही त्यांच्याच घशात जाणार ही भीती सुशिक्षित तरुणाला पटत होती. आज आपल्याला मुख्यमंत्री आहे, उद्या जिल्हाधिकारी उरेल. आणि उत्तर सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या पलीकडे पाहिलं की तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा दिसत होता: रस्ते नाहीत, कारखाने नाहीत, घरं चालतात ती मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर. त्याच महाराष्ट्रातलं, त्याच मातीतलं, मासे-भात खाणारं कोकण. महाराष्ट्राच्या बाजूने बोलायला आलेल्या नेत्यांना या चित्राचं उत्तर देणं अवघड होतं. खरं सांगायचं तर आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना हे वाचताना आजही थोडं ओशाळायला होतं.

निरक्षर मतदारापर्यंत वृत्तपत्र जात नाही. तिथे गाणी गेली. गायक उल्हास बुयांव आणि त्यांचे सहकारी कोकणी गाणी घेऊन गावोगाव फिरले. आजवर हिंदूंच्या सार्वजनिक कार्यक्रमांत मान होता तो मराठीला. कोकणी घरातली, माजघरातली. ती व्यासपीठावर आली आणि देवळासमोरच्या मांडवात हिंदूंनी ती ऐकली. विलीनीकरणवाद्यांकडेही कीर्तनं होती, सभा होत्या, महाराष्ट्रातून आलेले वक्ते होते. पण पाहुणा वक्ता कितीही फर्डा असला तरी तो रात्री परत जाणारा असतो. 'तुम्ही आमचेच' हे वाक्य बाहेरच्याने उच्चारलं की त्याला वेगळाच वास येतो, आणि गोव्यात तो आला.

आकड्यांत काय दिसतं

मतदान जवळपास ८२ टक्के. झालेल्या मतांपैकी ५४.२ टक्के दोन पानांना, ४३.५ टक्के फुलाला, ७,२७२ मतं बाद. मतदानाचं प्रमाण सगळीकडे सारखं धरलं आणि झाडून सगळी ख्रिस्ती मतं दोन पानांना गेली असं मानलं, तरीही चार हिंदू मतदारांत एकाने तरी विलीनीकरण नाकारल्याशिवाय हे गणित जुळत नाही. म्हणून 'पाद्र्यांनी पाडलं' हा तेव्हा काहींनी केलेला आरोप आकड्यांपुढे टिकत नाही. उलट बाजूनेही सांगायला हवं: पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पट्ट्यात विलीनीकरणाला जोरदार पाठिंबा होता, आणि १७,०११ मतदारांनी बाजू बदलली असती तर आज गोवा हा महाराष्ट्राचा भाग असता. त्यामुळे 'गोंयकार एकमुखाने बोलला' हेही खरं नाही. दमण आणि दीवला त्याच दिवशी गुजरातचा पर्याय दिला होता. तिथेही लोकांनी केंद्रशासित राहणंच पसंत केलं.

मार्चचा उलगडा

मग हेच लोक मार्चमध्ये मगोकडे का परतले? एक उत्तर अगदी साधं आहे. विलीनीकरणाचा प्रश्न मिटला होता. आता मगोला मत देणं म्हणजे मुंबईला मत देणं राहिलं नव्हतं. ज्या कुळाने भीतीपोटी किंवा भाषेपोटी दोन पानांवर शिक्का मारला होता, त्याला आता जमिनीसाठी बांदोडकरांना मत द्यायला काही अडचण नव्हती. किंबहुना सार्वमताने मगोचं ओझंच उतरवलं. आणि डिसेंबरमध्ये खुर्ची सोडल्यामुळे बांदोडकरांवर 'सत्तेच्या जोरावर दामटलं' असा ठपकाही राहिला नाही.

दुसरं उत्तर मला अधिक ओढ लावतं, जरी ते आकड्यांनी सिद्ध करता येत नाही. १९६३ ते ६६ या तीन वर्षांत मगो सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या, १९६४ मध्ये कूळकायदा केला. लोकांना महाराष्ट्राकडून जे हवं होतं, ते पणजीकडून मिळू लागलं. आपल्यातलाच एक माणूस मुख्यमंत्री, त्याच्या घरी जाऊन गाऱ्हाणं घालता येतं, तो बोलतो आपल्यासारखं. हे एकदा अनुभवल्यावर सहाशे किलोमीटरवरच्या मुंबईची ओढ कशी राहावी? विधानसभा ही विलीनीकरणाच्या वाटेवरची एक पायरी, असं मगोला वाटत होतं. लोकांनी त्या पायरीवरच घर केलं. मगोचा कारभार जितका चांगला चालला, तितकं मगोचं मूळ मागणं अनावश्यक होत गेलं, आणि हे सगळ्यांत उशिरा मगोच्याच ध्यानात आलं असावं.

नंतरच्या घटनाही याच दिशेच्या. १९७३ मध्ये बांदोडकर गेल्यावर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाली. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळकायद्यातली दुरुस्ती तिच्याच काळातली. 'महाराष्ट्र' नावाने सुरू झालेली बहुजनांची लढाई गोव्याच्याच विधानसभेत तडीला गेली. १९७९ मध्ये मगोची सत्ता गेली, आणि त्यानंतर युगोच्या वारशाचे व मगोच्या वारशाचे लोक हळूहळू राष्ट्रीय पक्षांत विरघळले.

भाषेचा वाद मात्र मिटला नाही, कारण सार्वमतात तो विचारलाच नव्हता. दोन पानांना मत देणारा मराठीप्रेमी आणि दोन पानांना मत देणारा कोकणीवादी यांचं पुढे पटण्याचं काही कारण नव्हतं. जानेवारी १९६७ मध्ये झाकलेली ही फट ऐंशीच्या दशकात रस्त्यावर आली, आंदोलनात माणसं दगावली, आणि ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला: देवनागरीतली कोकणी राजभाषा, मराठीच्या वापरालाही मुभा, रोमी लिपी बाहेर. म्हणजे १९६७ मध्ये ज्यांनी सर्वाधिक एकजुटीने दोन पानांना मतं दिली, त्यांचीच लिपी कायद्यात आली नाही. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय वीस वर्षांनी आला.

१६ जानेवारी आता गोव्यात अस्मिताय दीस म्हणून पाळला जातो. पर्वरीच्या विधानसभा संकुलात बांदोडकरांचा पुतळा आहे; तिथे सिक्वेरांचाही हवा ही मागणी अधूनमधून उठते आणि दर वेळी जुना वाद नव्याने पेटतो. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अजून निवडणुका लढवतो, २०२२ मध्ये त्याचे दोन आमदार आले आणि ते सरकारात सामील झाले. विलीनीकरणाबद्दल त्याला आता कुणी विचारत नाही. नावातला महाराष्ट्र मात्र तसाच राहिला आहे.